ब्राँझचा पुतळा आतून पोकळ का असतो? आणि शिल्पकार नेमकं काय करतो?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर कितीतरी दिवस लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गेटवर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येत होता: ब्राँझचा पुतळा पडतोच कसा? काहींना तर पुतळा आतून पोकळ होता, हाच घोटाळा वाटला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडलेले शिल्पकार राम सुतार गेले, तेव्हा त्यांच्या कामाची पुन्हा चर्चा झाली. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा, दादरला इंदू मिलच्या जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याची घडण. पण त्या चर्चेतही आकडेच जास्त होते. एवढा पुतळा माणूस घडवतो तरी कसा, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

महाराष्ट्रात पुतळा हा भावनेचा, अभिमानाचा आणि राजकारणाचा विषय आहे. ज्या गोष्टीसाठी आपण वर्गणी काढतो, मोर्चे काढतो, ती बनते कशी हे आपल्याला माहीत असायला हवं. म्हणून सुरुवातीपासून पाहू.

आधी धातूबद्दल

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि त्यात थोडं कथील. पुतळ्यांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका मिश्रणात तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असतं. नुसतं तांबं वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात, शिवाय ते ओतताना नीट वाहत नाही. कथील मिसळलं की मिश्रण कमी तापमानाला वितळतं, साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतं आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा कठीण होतं. बोटाच्या नखाची कडसुद्धा धातूत उमटते ती या गुणामुळे.

दगड सोडून ब्राँझ घ्यायचं आणखी मोठं कारण आहे. दगड वरून येणारा भार उत्तम पेलतो, पण त्याला ओढ किंवा वाक सहन होत नाही. दगडी मूर्तीत उचललेला हात, पुढे धरलेली तलवार किंवा घोड्याचे बारीक पाय सुटे ठेवले तर ते मोडतात. म्हणून संगमरवरी पुतळ्याच्या पायामागे झाडाचा बुंधा किंवा वस्त्राचा घोळ कोरलेला दिसतो. तो आधार असतो. ब्राँझला तसा आधार लागत नाही, त्यामुळे धावता घोडा आणि उगारलेला हात शक्य होतो.

आता पोकळपणाचं. माणसाएवढा पुतळा भरीव ओतला तर त्याचं वजन ६०० किलोच्या आसपास जाईल. तोच पाच मिलिमीटर जाडीच्या कवचाचा केला तर १०० किलोच्या आत बसतो. प्रश्न फक्त वजनाचा नाही. भरीव धातू थंड होताना बाहेरून आधी आणि आतून नंतर घट्ट होतो, त्यामुळे पृष्ठभाग आत खेचला जातो, तडे जातात, आत पोकळ्या राहतात. म्हणून मोठा ब्राँझ पुतळा पोकळच असतो आणि तो तसाच असायला हवा. चौकशी करायचीच तर कवचाची जाडी, सांधे आणि आतला सांगाडा यांची करावी.

सगळा जीव मातीत

शिल्पकार स्वतःच्या हाताने धातूला फारसा लागत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. त्याचं काम मातीत होतं.

आधी लोखंडी सळया आणि तारांचा सांगाडा उभा राहतो. याला आर्मेचर म्हणतात. इथे वजन कुठल्या पायावर आहे, कंबर किती वळली आहे, मान कुठे झुकली आहे हे ठरतं. इथे चूक झाली तर वर कितीही सुंदर चेहरा चढवा, माणूस उभा राहिलेला वाटत नाही, टांगलेला वाटतो. मग त्यावर मातीचे थर चढतात. काम चालू असेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, माती ओल्या फडक्यात गुंडाळून जिवंत ठेवावी लागते. वाळली तर तडकते, जास्त भिजली तर घसरते.

साम्य पकडणं हा मोठा विषय आहे. समोर माणूस बसलेला असेल तर कॅलिपरने मापं घेता येतात. गेलेल्या माणसाचे फोटो असतात, पण बहुतेक समोरून घेतलेले. कानामागची ठेवण, डोक्याचा मागचा घेर, हनुवटीखालचा भाग फोटोत नसतोच. तो शिल्पकाराला शरीररचनेच्या अभ्यासातून भरून काढावा लागतो. म्हणूनच तो पुतळा सतत फिरवून बघतो. समोरून हुबेहूब आणि बाजूने परका, असा पुतळा त्याला चालत नाही.

एक गोष्ट पुढच्या वेळी कुठल्याही पुतळ्याजवळ जाऊन बघा: डोळे. ब्राँझला एकच रंग असतो. बुबुळ काळं आणि भोवतीचं पांढरं, असं दाखवता येत नाही. त्यामुळे शिल्पकार बुबुळाच्या जागी खोल खड्डा करतो, तिथे सावली साचते आणि लांबून ती काळी दिसते. त्या खड्ड्याच्या वरच्या कडेला मातीचा एक लहानसा कण मुद्दाम ठेवलेला असतो. त्यावर उजेड पडला की डोळ्यात चमक येते. सगळी नजर त्या कणावर अवलंबून असते. कण थोडा सरकला तरी पुतळा दुसरीकडेच बघू लागतो. पुतळा उंच चौथऱ्यावर जाणार असेल तर आणखी एक हिशोब येतो. खालून बघताना डोकं लहान दिसतं, म्हणून ते थोडं मोठं घडवावं लागतं. अशा डोक्याचा फोटो समोरून, बरोबरीच्या उंचीवरून काढला की तो बेढब वाटतो आणि समाजमाध्यमांवर टीका सुरू होते.

मातीतून मेणात, मेणातून धातूत

मातीचं काम मंजूर झालं की त्यावरून साचा घेतात, पूर्वी प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आता बहुधा रबराचा. इथून पुढची पद्धत हजारो वर्षांची आहे. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तकीही मेणाच्या नमुन्यावरूनच ओतलेली आहे.

मोदकाच्या साच्यात आपण उकड अंगठ्याने आतल्या बाजूला सगळीकडे सारखी दाबतो आणि मधल्या पोकळीत सारण भरतो, अगदी तसंच इथे होतं. साच्याच्या आत मेणाचा पाचेक मिलिमीटरचा थर चढवतात आणि मधल्या पोकळीत प्लास्टर आणि विटेची भुकटी यांचं मिश्रण ओततात. हा झाला गाभा. बाहेरचा साचा काढला की हातात मेणाचा पुतळा येतो. शिल्पकार पुन्हा येतो तो इथे. सांध्याच्या रेषा पुसतो, बोथट झालेली पापणी परत धारदार करतो.

मग मेणाच्या पुतळ्याला मेणाच्याच नळ्या जोडतात. काहींतून धातू आत जाणार, काहींतून हवा बाहेर पडणार. गाभा आतल्या आत हलू नये म्हणून मेणातून आरपार खिळे मारतात. या सगळ्यावर बाहेरून पुन्हा प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं जाड आवरण चढतं आणि तो गोळा भट्टीत जातो. मेण वितळून निघून जातं. गाभा आणि आवरण यांच्यात मेणाच्या जाडीएवढी रिकामी जागा उरते. तीच धातूची जागा.

ही भाजणी कित्येक दिवस चालते आणि इथे घाई केली तर जिवावर बेततं. आवरणात ओल राहिली आणि वर १,१०० अंशांचा रस पडला तर क्षणात वाफ होते आणि साचा फुटून वितळलेला धातू उडतो. म्हणून जाणता ओतारी, म्हणजे धातू ओतणारा कारागीर, अनावरणाच्या तारखेकडे बघत नाही. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भट्टीतून बाहेर आली की आधी रसावरची मळी काढतात, मग धार न तोडता ओततात. मधेच थांबलं तर आधी पडलेला धातू गोठतो आणि नंतरचा त्याला एकजीव होत नाही. तिथे कायमची कमजोर रेघ राहते.

थंड होताना ब्राँझ आक्रसतं, दहा फुटांमागे साधारण दोन इंच. हा हिशोब शिल्पकाराने मातीतच धरलेला असतो.

आवरण फोडल्यावर जे बाहेर येतं ते बघवत नाही. काळंपांढरं, नळ्यांची खोडं वर आलेली, खिळ्यांची भोकं पडलेली. मोठा पुतळा तुकड्यांत ओतलेला असतो. ते तुकडे वेल्डिंगने जोडायचे, नळ्या कापायच्या, भोकं बुजवायची आणि सांधा कुठे होता हे कळू नये म्हणून कापडाची वीण, केसांची बट छिन्नीने पुन्हा उठवायची. शेवटी गरम पृष्ठभागावर रसायनं मारून रंग आणतात. याला पॅटिना म्हणतात. गंधकाच्या क्षारांनी तपकिरी ते काळा रंग येतो, लोहाच्या क्षारांनी तांबूस, तांब्याच्या क्षारांनी हिरवा. वर मेणाचा हात. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या ब्रिटिश राजपुत्राचा पुतळा, ‘काळा’ दिसतो तो याच प्रकारच्या थरामुळे. मूळ काळा घोडा बघायचा असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जा. जोसेफ बोहम यांनी १८७९ मध्ये घडवलेला तो पुतळा १९६५ मध्ये फोर्टमधून हलवला गेला. सध्या काळा घोडा चौकात असलेला बिनस्वाराचा घोडा २०१७ मधला आहे.

सासवणे आणि गोंदूर

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून असे शिल्पकार पिढ्यान्पिढ्या घडले. त्यांतली दोन आयुष्यं मला इथे महत्त्वाची वाटतात.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवण्याचा. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते ओटो रोथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि त्याने या पोराला जे. जे.मध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे कोलकात्यात स्टुडिओ, मग लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिक्षण. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात असलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्या स्मारकाची पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि अनावरण १९२८ मध्ये. पुतळ्याचं ओतकाम मुंबईत माझगाव गोदीत झालं. एवढा रस वितळवण्याची सोय जहाजांच्या कारखान्यात होती. जवळपास शंभर वर्षं तो घोडा उभा आहे.

राम सुतार १९२५ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मले. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी त्यांना मुंबईला पाठवलं. जे. जे.तून १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदक मिळवून ते बाहेर पडले. पण त्यानंतर त्यांनी काय केलं, ते फारसं सांगितलं जात नाही. १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात होते आणि अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या, तुटलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम करत होते. दुसऱ्याने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेला हात पुरा करायचा, तर आधी त्याच्या मनात शिरावं लागतं आणि आपली सही कुठेच दिसू द्यायची नसते. त्यांच्या गांधीजींमध्ये जो संयम आहे, तो मला त्या चार वर्षांची कमाई वाटतो. संसद परिसरातले ध्यानस्थ बसलेले गांधीजी त्यांचेच. त्या पुतळ्यात काही घडत नाही, आणि तरीही माणूस समोर थांबतो.

सहा फुटांचे पस्तीस फूट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या राज्यात सार्वजनिक पुतळ्यासाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते. मालवणच्या घटनेनंतर कला संचालकांनी सांगितलं की, आपल्याकडे सहा फुटी नमुना आला होता, प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार याची कल्पना दिलेली नव्हती. अनेकांना ही पळवाट वाटली. ‘नमुना तोच, फक्त मोठा केला, त्यात काय?’

त्यात सगळंच आलं. सहा फुटांचे ३५ फूट म्हणजे उंची जवळपास सहा पट. पण वारा अडवणारं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ३४ पट. आकारमान घनाने वाढतं, म्हणजे जवळपास २०० पट. शिवाय वारा जितक्या उंचीवर ढकलेल तितका पायाशी येणारा वाक जास्त. हे सगळं तोलायला असतात ते दोन घोटे आणि फार तर एखादा शेला. सहा फुटी पुतळा स्वतःच्या कवचावर उभा राहू शकतो. ३५ फुटी पुतळ्याला ते जमत नाही. त्याला आतून इमारतीसारखा पोलादी सांगाडा लागतो आणि ब्राँझ ही त्याची फक्त कातडी असते. सरदार पटेलांच्या पुतळ्यात तर आत काँक्रीट आणि पोलाद आहे, ब्राँझच्या पट्ट्या बाहेरून जोडल्या आहेत.

थोडक्यात, एका उंचीनंतर शिल्पकार एकटा पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअर त्याच्या बरोबरीचा होतो, आणि त्याची सही मातीच्या टप्प्यावरच हवी. घोटे किती जाड ठेवायचे, शेला जमिनीला टेकवायचा की नाही, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. चेहरा मंजूर झाल्यावर इंजिनीअरला बोलावणं म्हणजे उशीर झालेला असतो.

‘म्हणजे वाऱ्याने पडला हे खोटं?’

वारा हे निमित्त होऊ शकतं, पण किनाऱ्यावर वारा असणारच, तो धरूनच हिशोब करायचा असतो. चौकशी समितीच्या अहवालाच्या ज्या बातम्या आल्या त्यांत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं होती. त्यातला गंज नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण किनाऱ्यावरच्या अशा कुठल्याही पुतळ्याला तो धोका आहे.

ब्राँझ गंजत नाही, हे बरंचसं खरं. पण ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना चिकटले आणि मधे खारट ओल आली की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो. एकटं असतं तर जितकं गंजलं असतं, त्यापेक्षा कितीतरी वेगाने ते खाल्लं जातं. बाहेरून पुतळा झकास दिसतो आणि आत सांगाडा पोखरलेला असतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं. १८८६ मधल्या त्या पुतळ्याची कातडी तांब्याची आणि आतला सांगाडा लोखंडी. दोघांमध्ये घातलेला विलगीकरणाचा थर कालांतराने कुजला, लोखंड फुगलं, रिव्हेट निघाले. १९८० च्या दशकात आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. मोठी कामं करणाऱ्यांना शंभर वर्षांनी का होईना, दुरुस्तीसाठी आत शिरता येईल अशी वाट ठेवावी लागते. आपल्याकडच्या किती पुतळ्यांत आत उतरायला दार असतं?

‘आता थ्रीडी स्कॅन आहे, शिल्पकार कशाला?’

स्कॅनिंगने काम सोपं झालं, हे खरं. लहान नमुना स्कॅन करून यंत्राने थर्माकोलचा हवा तेवढा मोठा आकार कापता येतो. पूर्वी यात महिने जात. पण यंत्र नमुन्यातला दोषही तितक्याच इमानाने मोठा करतं. सहा फुटांवर शोभणारी कपड्याची चुणी ३५ फुटांवर मेलेली दिसते. म्हणून थर्माकोलवर पुन्हा मातीचा थर चढवून शिल्पकाराला मोठ्या आकारात नव्याने घडवावं लागतं.

सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या ब्राँझ पट्ट्या चीनमध्ये ओतल्या, म्हणून तो पुतळा ‘चिनी’ म्हणावा का? मला हा वाद गैरलागू वाटतो. ओतकाम कुठे झालं यावर शिल्प कुणाचं हे ठरत नाही. तसं असतं तर करमरकरांचा पुतळा गोदीचा म्हणावा लागेल. मात्र एवढं मोठं ओतकाम इथल्या भट्ट्यांना का देता आलं नाही, हा प्रश्न रास्त आहे. ओतारी कामाचं शिक्षण आणि मोठ्या फाउंड्री यांच्याकडे आपण पिढ्यान्पिढ्या दुर्लक्ष केलं आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका समजुतीबद्दलही सांगतो. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले तर स्वार रणांगणात पडला, एक पाय वर असेल तर जखमांनी गेला, वगैरे. असा कुठलाही नियम नाही. महाराजांचं निधन रायगडावर झालं, तरी दोन्ही पाय उंचावलेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे गावोगावी आहेत. किती पाय टेकवायचे हे ठरतं तोल, वजन आणि शिल्पकाराला दाखवायचा क्षण यांवरून.

जयंतीआधी रंग लावताना

ही विनंती मंडळांना आणि नगरपालिकांना. जयंती जवळ आली की पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट फासण्याची पद्धत पडली आहे. भावना समजते, पण त्या एका हाताने पापणीची धार, कापडाची वीण, डोळ्यातला तो कण सगळं बुजतं, आणि दरवर्षी एक थर वाढतो. रंगाच्या फटींतून खारं पाणी आत शिरून तिथेच अडकतं. क्षारांमुळे होणाऱ्या फिकट हिरव्या भुकटीला तर आयतं घर मिळतं. गडद हिरवट, घट्ट बसलेला थर वाईट नसतो, तो धातूला जपतो. भुकटी सुटणारा फिकट हिरवा डाग दिसला तर मात्र तज्ज्ञाला बोलवायला हवं.

करायचं ते कमी खर्चाचं आहे. कबुतरांची विष्ठा साचू द्यायची नाही. ओले हार संध्याकाळी उतरवायचे, कारण कुजणाऱ्या फुलांचं पाणी धातूवर चट्टे पाडतं. पावसाळा संपला की साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने मऊ ब्रशने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मेणाचा पातळ हात द्यायचा. ॲसिड, चिंच, तारेची घासणी, पॉलिश यातलं काहीही नको. आधीचा ऑइलपेंट काढायचा असेल तर तेही कंत्राटदाराच्या ग्राइंडरने नको. ते काम संवर्धकाचं आहे, आणि त्याचे पैसे पुतळ्याच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेले असावेत.